पूर आला तर पहिली मदत शेजाऱ्याचीच; ‘आपदा मित्र’ म्हणजे कोण, त्यांना काय शिकवतात आणि गावानं काय तयारी ठेवायची?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. हे आकडे आता नदीकाठच्या शाळकरी पोरांनाही पाठ झालेत. पण आकडा धोक्याच्या वर गेल्यावर गल्लीतली म्हातारी माणसं कोण उचलणार, गोठ्यातली जनावरं कोण सोडणार, डीपी बंद करायला वायरमनला फोन कोण लावणार? याचं उत्तर बऱ्याच गावांत आजही ‘बघू त्या वेळी’ असंच मिळतं.

‘एनडीआरएफ येईल की’ असंही म्हणतात. येते, आणि चांगलं काम करते, त्यात वाद नाही. पण एनडीआरएफची पाचवी बटालियन असते पुणे जिल्ह्यात तळेगावजवळ सुदुंबरे इथे. तिथून शिरोळ तालुका अडीचशे किलोमीटरच्या घरात. राज्याच्या एसडीआरएफच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. अलीकडे पावसाळ्याच्या तोंडावर एनडीआरएफचे जवान आधीच जिल्ह्यात येऊन थांबतात, हे बरं झालं. तरी एका वेळी शेकडो गावांना पाण्याचा वेढा पडतो तेव्हा ती माणसं आणि त्या बोटी कुठं कुठं पुरणार? २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. रस्ताच नसेल तर मदत येणार कुठून?

म्हणजे पहिले काही तास, कधी पहिला पूर्ण दिवस, गावाचा गावालाच काढावा लागतो. त्या वेळेत गावात शिकलेली माणसं असतील तर काय होतं आणि नसतील तर काय होतं, एवढाच प्रश्न आहे.

ब्रह्मनाळ

पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ गाव ८ ऑगस्ट २०१९ पर्यंत जिल्ह्याबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. गावाला पाण्यानं वेढलं होतं. बाहेर पडायला एक बोट होती. घाबरलेली माणसं, बायका, लेकरं त्या बोटीत बसली. क्षमतेपेक्षा जास्त बसली. बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला.

यात दोष कुणाचा हे शोधण्यापेक्षा एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पाणी दारात आलं असताना ‘तू थांब, पुढच्या फेरीला ये’ हे शेजाऱ्याला सांगणं सोपं नसतं. ते सांगायला कुणाला तरी आधीपासून अधिकार दिलेला असावा लागतो आणि बाकीच्यांनी तो मान्य केलेला असावा लागतो. बोटीत किती माणसं बसणार, आधी कोण बसणार, लाइफ जॅकेट नसलेल्याला बसू द्यायचं की नाही, हे ठरवायची जागा नदीचा काठ नव्हे. ते मे महिन्यात, चावडीत ठरायला हवं.

आपदा मित्र योजना काय आहे?

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं, म्हणजे एनडीएमएनं, २०१६ मध्ये देशातल्या ३० पूरप्रवण जिल्ह्यांत ही योजना सुरू केली. जिल्ह्यामागे २०० असे ६ हजार स्वयंसेवक तयार करायचे होते. २०२१ पासून ती ३५० जिल्ह्यांत नेली आणि लक्ष्य १ लाखावर गेलं. त्यानंतर ‘युवा आपदा मित्र’ आली. ती एनसीसी, एनएसएस, नेहरू युवा केंद्र आणि स्काउट-गाइडच्या मुलामुलींसाठी आहे. घरात कॉलेजला जाणारं कुणी एनएसएसमध्ये असेल तर कॉलेजात चौकशी करायला हरकत नाही.

मूळ योजनेत वयाची अट १८ ते ४० आणि शिक्षण किमान सातवी. माजी सैनिक किंवा अशा कामाचा अनुभव असलेल्यांना वयात सवलत आहे. प्रशिक्षण १२ दिवसांचं, मुक्कामी. ते संपल्यावर ओळखपत्र, प्रमाणपत्र आणि एक किट मिळतं. किटमध्ये लाइफ जॅकेट, हेल्मेट, टॉर्च, गमबूट, रेनकोट, हातमोजे, शिट्टी, चाकू, प्रथमोपचार पेटी अशा वस्तू असतात. विमाही काढला जातो.

ही नोकरी नाही. महिन्याचा पगार नाही. कुणी ‘पुढं सरकारी भरतीत घेतील’ असं सांगून पैसे मागत असेल तर तो फसवतोय, हे समजून चालावं.

बारा दिवस घर सोडून राहायचं ही अट पुरुषांना जड जाते, बायकांना तर जवळजवळ अशक्य. धार, शेण, स्वयंपाक कुणी करायचा? त्यामुळे बऱ्याच गावांत नावं जातात ती तालमीतल्या पोरांची. पोरं तगडी असतात, पोहतात, बोट ओढतात. पण गल्लीत कुणाला नववा महिना लागलाय, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली सासू आहे, कुणाला डायलिसिसला न्यावं लागतं, ही माहिती असते आशाताईंकडं आणि बचत गटातल्या बायकांकडं. त्या १२ दिवसांच्या प्रशिक्षणाला गेल्या नसल्या तरी गावच्या पथकात त्यांचं नाव हवंच. नाहीतर तगडी पोरं बोट घेऊन चुकीच्या दारात जातील.

पहिला धडा : आपण मरायचं नाही

प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगतात ते ऐकून गावाकडच्या गड्याला राग येतो. आधी स्वतःचा जीव, मग सोबत्याचा, मग अडकलेल्याचा. ‘मग आम्ही आलोय कशाला?’ असं पोरं विचारतात.

याला कारण आहे. १९८५ साली मेक्सिको सिटीत मोठा भूकंप झाला. सामान्य लोक ढिगारे उपसायला धावले आणि त्यांनी सुमारे ८०० जणांना वाचवल्याचं सांगतात. पण त्यात शंभरावर मदत करणारेच दगावले, कारण ढिगाऱ्यात शिरायचं कसं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते बघून आल्यावर अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलानं गल्लीतल्या लोकांना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. शेजाऱ्यांना शिकवायची ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली.

आपल्याकडं ढिगाऱ्यापेक्षा पाण्याचा प्रश्न मोठा. विहिरीत, नदीत लहानपणापासून पोहलेल्या माणसाला वाटतं आपल्याला काय होतंय. पण विहिरीचं पाणी थांबलेलं असतं. पुराच्या पाण्याला ओढ असते, खाली काटेरी तारेचं कुंपण असतं, उसाचा फड असतो, वाहून आलेलं झाड असतं. गुडघाभर वाहतं पाणी धडधाकट माणसाला पाडतं. दोन फूट वाहत्या पाण्यात चारचाकी उचलली जाते. तरी दर पावसाळ्यात पुलावरून पाणी जात असताना कुणीतरी मोटारसायकल घालतोच.

बुडणाऱ्याला वाचवायचा क्रम असा शिकवतात : आधी काठावरून काठी, बांबू, साडी जे असेल ते पोचवायचं. पोचत नसेल तर तरंगणारी वस्तू दोरीला बांधून फेकायची. तेही जमत नसेल तर बोट. आणि पाण्यात उडी सगळ्यात शेवटी, तीही शिकलेल्यानं आणि जॅकेट घालून. फेकायला महागडी वस्तू लागत नाही. ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब चालते. पाच लिटर तेलाचे रिकामे कॅन झाकण घट्ट लावून एकत्र बांधले तर माणूस तरंगतो. जुनी माणसं भोपळ्यांची सांगड करायची, तीच ही गोष्ट.

एक चूक मात्र गावोगाव होते. कंबरेला दोरी पक्की गाठ मारून एकाला वाहत्या पाण्यात सोडतात आणि बाकीचे काठावरून धरतात. दोरी ताणली की पाण्याचा जोर त्या माणसाला वर नाही तर खाली दाबतो. गाठ सुटत नाही आणि तो दोरीलाच अडकून बुडतो. वाहत्या पाण्यात अंगाला पक्की दोरी बांधायची नाही, हे प्रशिक्षणातलं वाक्य प्रत्येक गावात भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट गुऱ्हाळाच्या काहिलीची. पुरात काहील होडीसारखी वापरतात आणि तिनं कित्येकांना पाण्यातून बाहेर आणलंही आहे. पण काहील जागेवर गरगर फिरते, तिला दिशा देता येत नाही आणि एका बाजूला वजन गेलं की पाणी आत घेते. थांबलेल्या, कमरेएवढ्या पाण्यात दोन्ही बाजूंनी माणसं धरून चालत असतील तर ठीक. ओढीच्या पाण्यात काहील नको.

बुडालेला बाहेर काढल्यावर

इथं प्रशिक्षणाचा खरा फरक दिसतो. बुडालेल्याला खांद्यावर उलटा टाकून पळवणं, पाय धरून गरगर फिरवणं, पोटावर दाबून पाणी काढणं हे आजही केलं जातं. यात फक्त वेळ जातो. पोटातलं पाणी फुप्फुसात जाण्याचा धोकाही असतो.

श्वास चालत नसेल तर माणसाला कडक जमिनीवर उताणं झोपवायचं, हनुवटी वर उचलून श्वासाची वाट मोकळी करायची. बुडालेल्याच्या बाबतीत आधी तोंडानं श्वास द्यायचे. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं, सुमारे पाच सेंटीमीटर खोल दाबायचं. ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३० दाब. १०८ येईपर्यंत थांबायचं नाही. हे वाचून येत नाही. पुतळ्यावर हात मारून बघावं लागतं आणि दहा मिनिटांत घाम फुटतो, म्हणून एकट्याला येऊन उपयोग नाही, चार-सहा जणांना यायला हवं.

सापाचंही तसंच. पाणी वाढलं की नाग, घोणस, मण्यार घरात, गंजीत, माळ्यावर येतात. चावलेल्या जागी कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. हात-पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही आणि थेट ग्रामीण रुग्णालय गाठायचं. किती वाजता चावला ते लक्षात ठेवायचं. देवऋष्याकडं वळसा घेण्यात गेलेला अर्धा तास परत येत नाही.

मोटार आणि जनावरं

पुरात माणूस अडकतो किंवा जातो तो बऱ्याचदा स्वतःसाठी नाही. मोटारीसाठी आणि म्हशीसाठी.

पाणी चढायला लागलं की नदीकाठच्या मोटारी वर घ्यायची धांदल उडते. हजारो रुपयांची मोटार, स्टार्टर, केबल. रात्री अकरा वाजता ‘पाणी वाढतंय’ असा मेसेज आला की माणूस एकटा बॅटरी घेऊन निघतो. ओली पेटी, चालू लाइन, निसरडा काठ. गावच्या पथकानं इथं नियम करून घेतला तर निम्मं काम होतं. मोटारी इशारा पातळीच्या आधीच काढायच्या. त्या दिवशी त्या डीपीची लाइन वायरमनकडून बंद करून घ्यायची आणि बंद झाल्याचा त्याचा फोन आल्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही. कमीत कमी दोघं जायचं आणि रात्री कुणी जायचं नाही. डीपीचं फ्यूज स्वतः काढायला जाणं हे आपदा मित्राचंही काम नाही, कितीही येत असलं तरी.

जनावरांचा विषय यापेक्षा अवघड आहे. तहसीलदार, पोलीस पाटील गल्लीतून स्पीकर लावून सांगत फिरतात, ‘घरं सोडा.’ लोक निघत नाहीत. बाहेरच्याला वाटतं लोक हट्टी आहेत. पण ज्याच्या दावणीला चार म्हशी आहेत आणि डेअरीच्या बिलावर घर चालतं, तो म्हशी सोडून शाळेच्या खोलीत जाऊन बसेल कसा? तो थांबतो. मग त्याची बायको थांबते, मग आई-वडील थांबतात. दोन दिवसांनी त्या घरातल्या पाच माणसांना काढायला बोट लागते आणि म्हशींना तर बोटीत घेताच येत नाही.

म्हणून जनावरं आधी, माणसं मागून. हे उलटं वाटतं, पण नदीकाठी हेच चालतं. रस्ता कोरडा असताना जनावरं उंचावरच्या गावात न्यायची. कुणाचं कोणत्या पाहुण्याकडं जाणार, ज्याचा पाहुणा नाही त्याचं कुठल्या गोठ्यात किंवा कारखान्याच्या कुठल्या पटांगणात जाणार, ट्रॉली कुणाची, डिझेल कुणाचं, वैरण आठवडाभराची कुठं साठवायची, हे जूनच्या आधी कागदावर असलं पाहिजे. जनावर हललं की माणूस आपोआप हलतो. २०१९ चा अनुभव घेतलेल्या बऱ्याच गावांत २०२१ मध्ये जनावरं आधी हलली, ती याच शहाणपणानं.

वेळच उरली नाही तर दावं कापून जनावर मोकळं सोडायचं. म्हैस पोहते. बांधलेली म्हैस जागेवर मरते. गाठ सोडत बसायला वेळ नसतो, म्हणून गोठ्यात विळा हाताशी टांगलेला हवा. कानातला बिल्ला आहे का तेही आधी बघून घ्यावं आणि त्यावरचा १२ आकडी नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा. जनावर वाहून गेलं आणि ओळख पटली नाही तर भरपाईच्या वेळी हेलपाटे ठरलेले.

आपल्या गावाचा आकडा

राजाराम बंधाऱ्याचा किंवा आयर्विनचा आकडा सगळ्यांच्या मोबाइलवर येतो. पण राजारामला ४५ फूट म्हणजे आपल्या गावात पाणी कुठवर? स्मशानापर्यंत, मारुतीच्या देवळापर्यंत की शाळेच्या पायरीपर्यंत? हे प्रत्येक गावाचं वेगळं आहे आणि ते जिल्ह्याच्या ऑफिसात बसून सांगता येत नाही. २००५, २०१९, २०२१ असे तीन महापूर पाहिलेली माणसं गावात आहेत. त्यांना बसवून हा हिशोब लिहून काढायचा. इतक्या फुटांना पाणंद बंद होते, इतक्या फुटांना खालची गल्ली, इतक्याला बाहेर पडायचा शेवटचा रस्ता. यातला शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. तो यायच्या कितीतरी आधी गाव हललेलं असलं पाहिजे. शाळेच्या, देवळाच्या भिंतीवर २०१९ ची आणि २०२१ ची खूण रंगवून ठेवली तर नवीन सुनांना आणि नवीन भाडेकरूंनाही कळतं.

राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांतले किती उघडले, कोयनेतून किती क्युसेक सोडलं, हेही पथकातल्या एकानं रोज बघायचं. कोयनेचं पाणी सांगलीला पोचायला दिवसभराच्या आसपास वेळ लागतो, म्हणजे तेवढी सवड हातात असते. एकानंच बघायचं आणि त्यानंच गावाच्या ग्रुपवर टाकायचं. नाहीतर २०१९ चा धरणाचा व्हिडिओ दरवर्षी नव्यानं फिरतो आणि ‘धरण फुटलं’ म्हणून रात्री गाव रस्त्यावर येतं. ज्या गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा चालू आहे तिथं एका कॉलवर गावभर सगळ्यांचे फोन वाजतात, तिचा उपयोग चोरीपुरताच का करायचा? शेतात काम करणाऱ्यांनी विजेसाठी ‘दामिनी’ अॅप ठेवावं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं केलंय, जवळपास वीज पडण्याची शक्यता असेल तर सूचना देतं. नेटवर्क गेलं तर मात्र यातलं काहीच चालत नाही. मग शिट्टी, देवळाची घंटा आणि सायकलवरचं पोरगं.

डोंगरातली गावं

शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी, भुदरगडच्या वाड्या-वस्त्यांना पुरापेक्षा दरड जवळची. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं तेव्हा बाहेर खबर गेली ती एसटीच्या चालकामुळं, त्याला गाव जागेवर दिसलं नाही म्हणून. १५१ माणसं गेली. १९ जुलै २०२३ ला रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. तिथं जायला गाडीरस्ताच नव्हता, यंत्रं चढली नाहीत. डोंगर पायाखालचा असलेले ट्रेकर आणि आसपासच्या गावांतली माणसं जवानांबरोबर रात्रीच्या अंधारात चढली.

दरडीत वाचवण्यापेक्षा आधी निघणं हाच उपाय. डोंगरउतारावर नवी भेग, झाडं किंवा विजेचे खांब वाकडे होणं, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ येणं किंवा बंद पडणं, घराच्या भिंतींना अचानक तडे, दारं-खिडक्या लागेनाशा होणं. यातलं काही दिसलं आणि पाऊस थांबत नसेल तर त्या रात्री त्या घरात झोपायचं नाही. पंचनामा सकाळी होईल. वाडीतल्या दोघांनी मुसळधार पावसात रोज उतारावर एक फेरी मारायची, एवढं काम ठरवून दिलं तरी पुष्कळ.

शिकलेलं विसरतं

प्रशिक्षण घेऊन आलेल्या पोराचं किट माळ्यावर जातं. लाइफ जॅकेटला उंदीर लागतात, टॉर्चचे सेल फुगतात. दोन वर्षांनी त्याला बोलाइन गाठ मारायला सांगा, हात अडखळतो. म्हणून वर्षातून एकदा, मे महिन्याच्या शेवटी, गावात रंगीत तालीम हवी. फार मोठं काही नको. एका गल्लीतून एक खाटेवरचा माणूस, एक गरोदर बाई आणि दोन म्हशी किती मिनिटांत शाळेपर्यंत पोचतात ते घड्याळ लावून बघायचं. पहिल्या वर्षी लोक हसतात. ट्रॉली बोळात अडकली की हसणं थांबतं.

ग्रामपंचायतीची बोट असेल तर तालमीच्या दिवशीच ती पाण्यात उतरवावी. इंजिन सुरू होतं का बघावं आणि किती माणसं बसणार तो आकडा बोटीवर ठळक रंगवावा. जॅकेट तेवढीच हवीत जेवढी माणसं. बोटीवर नावाडी सांगेल ते शेवटचं, सरपंच बसले असले तरी. चालत्या बोटीत कुणी उठायचं नाही आणि उतरताना सगळे एका बाजूला झुकायचे नाहीत. बोट काठाला लागतानाच उलटायची भीती जास्त असते.

कोल्हापूरची व्हाइट आर्मी, लोणावळ्याची शिवदुर्ग अशा संस्था वर्षानुवर्षं हे काम करत आल्या आहेत. तालुक्याच्या ठिकाणी अशा कुणाला बोलावता आलं तर एका दिवसात गाठी, दोरी, सीपीआर, स्ट्रेचर एवढं शिकून होतं. १२ दिवस ज्यांना जमत नाहीत त्यांच्यासाठी हा रस्ता बरा. घरची चादर आणि दोन बांबू यांचं स्ट्रेचर पाच मिनिटांत होतं, हे बघून बायाबापड्यांनाही हुरूप येतो.

नाव कुठं द्यायचं?

जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष असतो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. आपदा मित्राची पुढची तुकडी कधी आहे ते तिथं किंवा तहसील कार्यालयात कळतं. एकट्यानं जाण्यापेक्षा ग्रामसभेत ठराव करून पाच-सहा नावं एकत्र पाठवली तर वजन पडतं. त्यात एक तरी ट्रॅक्टरवाला, एक बोट चालवणारा, एक वायरमनचं काम जाणणारा आणि दोन बायका असाव्यात. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे जुने तलाठी, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्याकडं या नावांची यादी मोबाइल नंबरसह हवी, कारण पुराच्या रात्री तहसीलमधून पहिला फोन त्यांनाच येतो.

ज्यांनी २०२२ किंवा २०२३ मध्ये प्रशिक्षण घेतलंय त्यांनी एक काम लगेच करावं. योजनेतला विमा तीन वर्षांचा आहे. मुदत संपलीय का आणि पुढं काय सोय आहे, हे पाण्यात उतरायची वेळ यायच्या आधी जिल्हा कक्षात जाऊन लेखी विचारावं.

जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. रुग्णवाहिका १०८. पोलीस आणि इतर तातडीची मदत ११२. फोन लागला की आधी गाव आणि तालुका सांगायचा, मग वस्तीची खूण, मग किती माणसं अडकलीत आणि त्यात आजारी, लहान किती. घाबरून फोन मध्येच ठेवायचा नाही.